चौथ्या दिवशीची आठ केळी

वाचक लिहिते (पत्र थोडक्यात): मी जळगाव जिल्ह्यातल्या केळीपट्ट्यातली. वय २७, पतसंस्थेत नोकरी, दिवसभर खुर्चीवर. साखरपुडा झालाय, लग्न मेच्या दुसऱ्या आठवड्यात. उंची पाच फूट दोन इंच, वजन ६४ किलो. साखरपुड्याच्या दिवशी होणारी नणंद हसत हसत म्हणाली, "वहिनी, लग्नापर्यंत पाच-सहा किलो उतरवा, फोटो मस्त येतील." मावसबहिणीने जीएम डाएटचा तक्ता मोबाइलवर पाठवला. त्यात सात दिवसांत पाच ते सात किलो जातात असं लिहिलंय. मी एक फेरी केली, ६४ वरून ६०.२ वर आले. त्यानंतर दहा दिवसांत काटा परत ६३ वर. आता सलग तीन फेऱ्या करायचं ठरवलंय. आई सारखी म्हणते, "पोटले मारीसन कोन सुंदर दिसस व माय?" पप्पा मात्र माझ्यासोबत करायला तयार आहेत, त्यांना बीपीची गोळी चालू आहे. यात औषध नाही, पावडर नाही, नुसती फळं-भाज्या. मग सुरक्षितच ना? आणि तीन फेऱ्यांत दहा किलो जातील का? (जानेवारीत तपासणी झाली तेव्हा हिमोग्लोबिन ९.८ होतं.)

उत्तर:

पोरी, तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू शेवटी कंसात टाकलंस. ६४, ६०.२ आणि ६३ हे आकडे पत्राच्या मधोमध, आणि ९.८ कोपऱ्यात. मी तिथूनच सुरुवात करणार होते, पण मग तुला वाटेल की बाईंनी मूळ प्रश्न टाळला. म्हणून आधी तुझा काटा.

ज्यांनी हा तक्ता पाहिला नसेल त्यांच्यासाठी: पहिल्या दिवशी फक्त फळं, केळी सोडून. दुसऱ्या दिवशी फक्त भाज्या. तिसऱ्या दिवशी दोन्ही. चौथ्या दिवशी आठपर्यंत केळी आणि तीन ग्लास दूध. पाचव्या-सहाव्या दिवशी टोमॅटो, थोडा भात, पनीर किंवा मोड आलेली कडधान्यं. सातव्या दिवशी भात, भाज्या, फळांचा रस. जोडीला वाट्टेल तेवढं कोबीचं सूप आणि दहा-बारा ग्लास पाणी. अमेरिकेतल्या जनरल मोटर्स (जीएम) या मोटार कंपनीने १९८५ मध्ये आपल्या कामगारांसाठी हा आहार बनवला आणि एका नामांकित विद्यापीठात तो तपासून घेतला, अशी कथा तक्त्यासोबत फिरते. या कथेला कसलाही पुरावा नाही. गंमत म्हणजे मूळ तक्त्यात पाचव्या-सहाव्या दिवशी गोमांस आहे. आपल्याकडे येता येता कुणीतरी त्या जागी भात-पनीर ठेवलं, आणि सात किलोचं आश्वासन होतं तसंच राहिलं. जिन्नस बदलला तरी फळ तेच! असं आपल्या स्वयंपाकघरात कधी होतं का, सांग.

आता हिशेब. तू पतसंस्थेत आहेस, हिशेबाला घाबरणार नाहीस. शरीरातली एक किलो चरबी जळायला साधारण ७७०० कॅलरी लागतात. सात किलो म्हणजे जवळजवळ ५४ हजार. सात दिवसांत ते जमवायचं तर रोज ७७०० कॅलरींची तूट पडायला हवी. तुझ्या उंची-वजनाच्या, बसून काम करणाऱ्या मुलीचा दिवसाचा सगळा खर्चच अठराशेच्या आसपास असतो. जिचा रोजचा खर्च अठराशे, तिने काहीही न खाता उपास केला तरी तूट अठराशेच पडणार. म्हणजे पाण्यावर सात दिवस काढले तरी सात किलो चरबी जात नाही.

मग तुझे ३.८ किलो कुठे गेले? भाकरी, पोळी, भात यांतली साखर यकृतात आणि स्नायूंत साठवलेली असते, सगळी मिळून चार-पाचशे ग्रॅम. तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. तीन दिवस धान्य बंद केलं की हा साठा बराचसा संपतो आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. तिथेच दीड-दोन किलो उतरले. पापड-लोणचं-ठेचा बंद, म्हणजे मीठ कमी, म्हणजे आणखी थोडं पाणी. आतडीही रिकामी. तू रोज सरासरी नऊशे-हजार कॅलरी खाल्ल्या असतील तर आठवड्याची खरी घट पाऊण किलो ते एक किलो येते. दहा दिवसांनी तू कितीवर थांबलीस? ६३ वर. तुझ्या काट्याने उत्तर आधीच देऊन ठेवलंय. त्या किलोत सगळी चरबीही नाही, काही स्नायूही गेला, कारण प्रथिनं फारच कमी होती.

"फळं-भाज्याच तर आहेत" या वाक्याशी माझं भांडण इथे आहे. ताटात काय आहे हे तू पाहिलंस. ताटातून काय उठून गेलंय तेही पाहा. आपल्या देशाच्या पोषणविषयक शिफारशीनुसार किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं धर. तुला दिवसाला ५३ ग्रॅम लागतात. पहिल्या दिवशी दोन किलो टरबूज-पपई खाल्लीस तरी दहा-बारा ग्रॅम मिळतात आणि कॅलरी जेमतेम सात-आठशे. चौथा दिवस त्यातल्या त्यात भरीव: आठ केळ्यांतून दहा ग्रॅम, तीन ग्लास दुधातून वीस. तरी निम्म्यालाच थोडं वर.

केळ्यावर माझा राग नाही. केळीपट्ट्यातल्या मुलीला केळी खाऊ नको म्हणायची माझी हिंमतही नाही. पण लोहाच्या बाबतीत चौथा दिवस जवळजवळ कोरडा जातो. केळ्यात लोह नावापुरतं, दुधात त्याहून कमी, आणि दुधातलं कॅल्शियम असलेलं लोहही अंगी लागू देत नाही. केळं, वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं म्हणून त्यात लोह भरपूर, असं आपल्या घराघरांत सांगतात. तो रंग त्यातल्या एका विकराच्या आणि हवेच्या संयोगाने येतो, लोहाचा त्याच्याशी संबंध नाही.

आता तुझा कंस. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात. ८ ते १०.९ ही मध्यम पायरी. तू तिथे आहेस. एकटी नाहीस: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. आपल्याकडे तो इतका घरचा झालाय की जिना चढताना दम लागणं, दुपारी डोळे मिटणं, केस गळणं हे सगळं "बाईच्या जातीला असतंच" या खात्यात जमा होतं. ९.८ असताना लोह, प्रथिनं आणि एकूण अन्न तिन्ही तोडणं म्हणजे विहीर तळाला गेल्यावर मोटर जोरात चालवणं. नुसत्या आहाराने हा आकडा मेपर्यंत वर येणार नाही. डॉक्टरांकडे जा, पाळीत रक्त जास्त जातं का ते न लाजता सांग. गोळ्या सरकारी उपकेंद्रातही मिळतात. गोळी चहा-दुधासोबत घेऊ नकोस, लिंबूपाण्यासोबत घे, आणि महिन्याने परत रक्त तपास.

केसांचं एक राहिलं. शरीराला एकदम अन्न कमी पडलं की पुष्कळसे केस वाढ थांबवून विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. तू मार्चमध्ये तीन फेऱ्या केल्यास तर ते कधी येईल? बरोबर मेमध्ये. हळदीच्या आदल्या दिवशी कंगव्यात.

दुसरंही आहे. आठवड्याला दीड किलोहून जास्त वेगाने वजन उतरलं की पित्ताशयात खडे व्हायची शक्यता वाढते. बिनतेलाच्या जेवणात पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही, पित्त साचून राहतं. पाळी मागेपुढे होते. त्यात आपला उन्हाळा. एप्रिलपासून भुसावळ-जळगावचं ऊन तुला मी काय सांगू? घामावाटे मीठ जातंय, जेवणात मीठ नाही, आणि तक्ता म्हणतो बारा ग्लास पाणी प्या. रक्तातलं सोडियम खाली यायला आणखी काय हवं? मी हे पुस्तकातून सांगत नाहीये. बाविसाव्या वर्षी मीही कोबीच्या सुपावर पाच दिवस काढले होते. सहाव्या दिवशी धुळ्याच्या स्टँडवर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी फरशीवर बसले. शेजारच्या आजीने काही न विचारता पदराने वारा घातला, फडक्यातली अर्धी भाकर आणि शेंगदाण्याची चटणी हातावर ठेवली. ती चटणी इतकी खारट होती की एरवी मी तोंड वाकडं केलं असतं. पाच मिनिटांत मला माणसांचे चेहरे दिसायला लागले.

रात्री शेवभाजीचे व्हिडिओ बघत जागतेस, चिडचिड होते, असंही तू पत्रात लिहिलंयस, आणि त्याला "माझी इच्छाशक्ती कमी" असं नाव दिलंयस. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवून पाहिलं होतं. दिवसाला सुमारे १५७० कॅलरी, म्हणजे तुझ्या तक्त्याहून बऱ्याच जास्त. ते तरुण दिवसभर खाण्याचा विचार करायचे, पाककृती जमवायचे, क्षुल्लक गोष्टीवरून भडकायचे. ते काही मनाचे कच्चे नव्हते, उपाशी होते. तूही उपाशी आहेस.

पप्पांना मात्र आजच थांबव. त्यांच्या गोळीच्या पाकिटावर टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल असलं काही लिहिलंय का बघ. या गोळ्यांमुळे मूत्रपिंडातून पोटॅशियम कमी बाहेर पडतं. आठ केळ्यांत तीन ग्रॅमहून जास्त पोटॅशियम असतं, आणि लगेच पाचव्या दिवशी टोमॅटो. मूत्रपिंड थोडं जरी अशक्त असेल तर रक्तात ते साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रोज एखाद-दुसरं केळं खाण्याबद्दल त्यांनी डॉक्टरांना विचारावं; आठ केळ्यांबद्दल विचारायचीही गरज नाही. हे वाचणाऱ्या ज्यांना साखरेचा त्रास आहे आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांची साखर अशा आहारात धोकादायक खाली जाऊ शकते. नंदुरबार आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या वाचकांना एक वेगळं सांगते: सिकलसेल असलेल्या माणसाने उपासमार आणि अंगातलं पाणी कमी होणं, दोन्ही टाळायचं असतं, त्यातून असह्य दुखण्याचा झटका येऊ शकतो. तपासणी झालेली नसेल तर लग्नाआधी दोघांनीही करून घ्या. हे तुलाही लागू आहे.

मग काहीच करू नकोस असं मी म्हणतेय का? नाही. भारतीयांसाठीच्या निकषाने तुझ्या उंचीला ५७ किलोच्या आत असणं चांगलं, तू त्याच्या वर आहेस, हे खरं आहे आणि तुला गोड बोलून फसवणार नाही. लग्नाला बारा आठवडे आहेत. आठवड्याला अर्धा किलो धरला, मध्ये पाहुणचार आणि अक्षय्य तृतीयेची पुरणपोळी-आमरस मोजला, तरी चार-पाच किलो होतात, आणि ते असे दहा दिवसांत परत येत नाहीत. त्यासाठी रोज पाचशे कॅलरी कुठून काढायच्या? तू भाकरीतून काढायला निघालीस. मला तुझा चहा दिसतो. पतसंस्थेत खातेदार आला की चहा, तपासनीस आला की चहा. पाच कप, दोन-दोन चमचे साखर, दोनशे कॅलरी तिथेच. दोन कप ठेव, एकेक चमचा साखर, आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको. तो लोह अडवतो.

मग तेलाचा डबा. माणशी महिन्याला पाऊण किलो तेल पुरे. तुम्ही घरात चौघं, म्हणजे पंधरा किलोचा डबा पाच महिने जायला हवा. किती जातो ते आईला विचार. आपली तर्री दिसायला देखणी, पण वरचा लाल थर वाटीत घ्यायचा की पातेल्यात राहू द्यायचा हे डावाच्या हातात असतं. शेवभाजी पंधरा दिवसांतून एकदा खा, मनापासून खा, व्हिडिओत बघण्यापेक्षा बरं.

आणि कळण्याची भाकरी परत आण. ज्वारीत लायसिन नावाचा प्रथिनाचा घटक कमी असतो, उडदात तो भरपूर. दोन्ही एकत्र दळले की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. आपल्या आज्यांना लायसिन माहीत नव्हतं, पण ज्वारीच्या पाटीत उडीद मिसळून त्या दळण गिरणीत पाठवत होत्या. एका भाकरीतून दहाएक ग्रॅम प्रथिनं मिळतात. पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत कर, तेल चमचाभर, शेंगदाणे मोजून; पण सोबत कळण्याची पुरी नको, भाकरीच. रात्री फुणके आणि पातळ कढी. भिजवलेली डाळ भरड वाटून, वाफवून केलेला हा पदार्थ कुठल्या तक्त्यात नाही, कारण तक्ते करणाऱ्यांना तो माहीत नाही. डब्यात मेथी किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी, वर लिंबू. अंडी चालत असतील तर रोज एक-दोन. केळं चार वाजता एक, त्या वेळच्या फरसाणाच्या जागी. संध्याकाळी अर्धा तास चाल, आणि रक्त वर येईल तसे सूर्यनमस्कार वाढव. आज बारा घालायला जाऊ नकोस.

मावसबहीण उद्या दुसरा तक्ता पाठवेल, तेव्हा तो कसा पारखायचा? मी स्वतः असं बघते: आठवड्याला किलोपेक्षा जास्त कबूल करतोय का; धान्य, डाळी, दूध यांतलं काही मुळासकट उपटतोय का आणि त्या जागी काय लावतोय; आठव्या दिवशी काय खायचं याबद्दल गप्प आहे का; आणि सांगणाराच काही विकतोय का. पावडरच्या डब्यावर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक असतो, पण वजन उतरण्याची हमी त्या क्रमांकाने कुणी दिलेली नसते. अमेरिकेत १९७७ च्या सुमारास निकृष्ट प्रथिनांच्या द्रवावर जगणारे पन्नासहून अधिक लोक दगावले, तेव्हा तेही बाटलीबंद आणि दुकानात उघड मिळणारंच होतं.

एक प्रश्न तुलाच. एवढ्या मोठ्या पत्रात नणंद आहे, मावसबहीण आहे, फोटोग्राफरसुद्धा आहे. ज्याच्याशी लग्न करतेयस त्याचा एक शब्द नाही. तुला हिमोग्लोबिन ९.८ आहे हे त्याला माहीत आहे का? एकदा फोनवर सांगून तर बघ. तो काय म्हणतो त्यावरून तुला पाच किलोपेक्षा मोठी गोष्ट कळेल. नणंदेला उत्तर द्यायलाच हवं असं नाही. द्यायचं झालं तर हसतच म्हण, "ताई, डॉक्टरांनी आधी रक्त वाढवायला सांगितलंय."

आणि ब्लाऊज आत्ताच घट्ट मापाचे शिवून ठेवू नकोस. माप एप्रिलच्या शेवटी दे, आणि शिंप्याला सांग, दोन्ही बाजूंनी आत माया जरा जास्तच सोड.